घरच्या क्लाउडमधल्या फाइली लिनक्सवर: प्रत हवी की खिडकी?

आमच्या नाशिकच्या घरी टीव्हीच्या कपाटात एक जुना लॅपटॉप झाकण मिटून रात्रंदिवस चालू असतो. त्यावर नेक्स्टक्लाउड आहे, म्हणजे स्वतःच्या यंत्रावर फाइली साठवायचं घरचं क्लाउड. हा लॅपटॉप म्हणजेच आमचा सर्व्हर. घरातल्या सगळ्यांचे फोटो, वीजबिलं, सातबारे, शाळेचे दाखले, सगळं त्यात. चुलत बहीण शिकायला पुण्याला गेली, तिच्या लॅपटॉपवर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. ब्राउझरमधून एकेक फाइल उतरवायचा कंटाळा आला म्हणून तिनं नेक्स्टक्लाउडचं ॲप टाकलं, ते जे विचारेल त्याला ‘हो’ म्हणत गेली आणि झोपली. सकाळी २५६ जीबीची डिस्क काठोकाठ भरलेली. मग जागा करायला तिनं लॅपटॉपवरचं ‘फोटो’ हे फोल्डर डिलीट केलं. अर्ध्या तासात काकूंचा मला फोन, “अरे, घरचे सगळे फोटो गेले कुठे?”

फोटो परत मिळाले, कसे ते पुढे येईल. ॲपचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला सांगितलं ते त्यानं केलं. बहिणीला हवी होती खिडकी आणि तिनं मागवली होती प्रत.

स्वतःच्या सर्व्हरवरच्या फाइली लिनक्सवरून बघायचे दोनच प्रकार आहेत. बाकी सगळी त्यांचीच रूपं. एक, खिडकी: फाइली सर्व्हरवरच राहतात, तुम्ही त्या दुरून उघडता. जागा लागत नाही, पण नेट गेलं की खिडकी बंद. दुसरा, प्रत: फाइली तुमच्या डिस्कवर उतरतात आणि एक प्रोग्राम दोन्हीकडचं सतत सारखं करत राहतो. नेट नसतानाही काम चालतं, पण जागा लागते, आणि एकीकडे खोडलेलं दुसरीकडेही खोडलं जातं. काहीही इन्स्टॉल करण्याआधी कुठल्या फोल्डरला काय हवं ते ठरवा. सगळ्या फाइलींना एकच उत्तर असायला हवं असंही नाही.

मी इथे नेक्स्टक्लाउड धरून लिहितोय, कारण घरगुती सर्व्हरवर तोच जास्त दिसतो. फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० मध्ये ओनक्लाउड सुरू केलं आणि २०१६ मध्ये त्यातून बाहेर पडून नेक्स्टक्लाउड काढलं. त्यामुळे ओनक्लाउडच्या दहाव्या आवृत्तीचा सर्व्हर असला तरी खालचं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल. आज्ञांबद्दल एक सूचना: त्या इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या प्रोग्राममध्ये, मात्र त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

आधी हाताशी घ्यायच्या तीन गोष्टी

पहिली, सर्व्हरचा पत्ता. तो आधी ब्राउझरमध्ये उघडून लॉगिन होतंय का ते बघा. ब्राउझरमध्ये जे चालत नाही ते दुसऱ्या कशातच चालणार नाही, आणि तासभर चुकीच्या ठिकाणी खोदत बसण्यापेक्षा ही दोन मिनिटं स्वस्त पडतात. पत्ता १९२.१६८ नं सुरू होत असेल तर तो फक्त घरच्या वायफायवर चालतो, हेही इथेच लक्षात घ्या.

दुसरी, ॲप पासवर्ड. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर अडतात. ब्राउझरमध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर क्लिक करून सेटिंग्ज उघडा, तिथे सिक्युरिटी, आणि अगदी खाली ‘डिव्हायसेस अँड सेशन्स’ अशी यादी दिसेल. तिच्याखाली एक नाव लिहून नवा ॲप पासवर्ड बनवता येतो. नाव ओळखू येईल असं द्या: ‘पुणे लॅपटॉप फाइल मॅनेजर’, नुसतं ‘टेस्ट’ नको. हा पासवर्ड एकदाच दिसतो, तेव्हा लगेच कॉपी करा.

एवढा खटाटोप कशाला? एक तर तुम्ही टू-फॅक्टर लावलं असेल, म्हणजे लॉगिनच्या वेळी फोनवरचा कोडही लागत असेल, तर फाइल मॅनेजरला तो कोड विचारताच येत नाही. तिथे ॲप पासवर्डच चालतो. आणि टू-फॅक्टर नसलं तरी लॅपटॉप हरवला तर त्या एकाच यंत्राचा पासवर्ड रद्द करता येतो. बाकी घराला काही कळतही नाही.

तिसरी, वेबडॅव्हचा पत्ता. वेबडॅव्ह म्हणजे ज्या पद्धतीनं ब्राउझर वेबपान आणतो त्याच पद्धतीनं फाइली वाचायची, लिहायची आणि हलवायची सोय. तिचं पहिलं मानक १९९९ मधलं. जुनी, थोडी बोजड, पण जवळपास प्रत्येक लिनक्सला येते, म्हणून खिडकीसाठी वेगळं काही टाकावं लागत नाही. नेक्स्टक्लाउडच्या फाइल्स पानावर खाली डावीकडे ‘फाइल्स सेटिंग्ज’ असतं. ते उघडलं की वेबडॅव्हचा पूर्ण पत्ता दिसतो. साधारण असा: सर्व्हरचं नाव, मग /रिमोट.पीएचपी/डॅव्ह/फाइल्स/ आणि शेवटी तुमचं वापरकर्तानाव. हा हातानं टाइप करू नका, कॉपीच करा. कारण शेवटचं नाव नेहमी तुम्ही लॉगिनला वापरता तेच असतं असं नाही. ईमेल टाकून आत जाता आणि आतलं नाव भलतंच असतं, असं होतं. मग फाइल मॅनेजर नुसतंच ‘सापडलं नाही’ म्हणतो आणि तुम्ही पासवर्डवर संशय घेत बसता.

खिडकी: फाइल मॅनेजरमधून

उबंटू किंवा फेडोराचं नेहमीचं डेस्कटॉप, म्हणजे नोम, असेल तर:

१. फाइल्स हा प्रोग्राम उघडा. डाव्या पट्टीत सगळ्यात खाली ‘अदर लोकेशन्स’ दिसेल. नव्या आवृत्त्यांमध्ये त्याऐवजी ‘नेटवर्क’ असतं. त्यावर क्लिक केलं की खाली सर्व्हरचा पत्ता टाकायची चौकट येते.

२. कॉपी केलेला वेबडॅव्हचा पत्ता तिथे चिकटवा. आता सुरुवातीचं एचटीटीपीएस खोडून त्या जागी डी-ए-व्ही-एस ही चार अक्षरं लिहा. पुढचा विसर्ग आणि दोन तिरक्या रेघा तशाच ठेवा. शेवटचा ‘एस’ विसरू नका, तो म्हणजे सांकेतिक, सुरक्षित जोडणी.

३. कनेक्ट दाबा. वापरकर्तानाव आणि मघाचा ॲप पासवर्ड द्या. पासवर्ड लगेच विसरायचा, लॉगआउट होईपर्यंत ठेवायचा की कायमचा ठेवायचा, असं विचारेल. स्वतःचा लॅपटॉप असेल तर कायमचा.

४. फाइली दिसल्या की कंट्रोल-डी दाबा. डाव्या पट्टीत खूण राहते. पुढच्या वेळी एका क्लिकमध्ये खिडकी उघडते.

दुसऱ्या पायरीत मी गमतीनं विसर्ग म्हटलं, टाइप मात्र साधा कोलन करायचा. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि खराखुरा विसर्ग पडला तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण कॉम्प्युटरला दिसतो. माझा यात एक पूर्ण चहा थंड झालाय.

लिनक्स मिंटवर निमो हा फाइल मॅनेजर असतो. त्याच्या फाइल मेनूत ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे, तिथे सुरक्षित वेबडॅव्ह हा प्रकार निवडा. केडीई हा दुसरा डेस्कटॉप असेल तर त्याच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरच्या पत्त्याच्या पट्टीतच लिहायचं, पण तिथे डी-ए-व्ही-एस नाही तर ‘वेबडॅव्हएस’ असं लांब रूप लागतं. डॉल्फिनची एक खोड सांगून ठेवतो: ज्या प्रोग्रामला दुरून फाइल उघडता येत नाही त्याच्यासाठी तो तात्पुरती प्रत उतरवतो आणि प्रोग्राम बंद केल्यावर ‘बदल वर चढवू का?’ असं विचारतो. घाईत ‘नाही’ दाबलंत तर केलेलं काम सर्व्हरवर जाणारच नाही. केआयओ-फ्यूज नावाचं पॅकेज टाकलं की ही कटकट बरीचशी जाते.

नोमच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑनलाइन अकाउंट्स’ मध्येही नेक्स्टक्लाउड आहे. तिथे एकदा माहिती दिली की फाइलींसोबत कॅलेंडर आणि संपर्कही येतात. फक्त फाइलींसाठी मी ते वापरत नाही, पण फोनमधले वाढदिवस कॉम्प्युटरवर हवे असतील तर झकास.

खिडकी कशाला चांगली? एखादी पीडीएफ उघडायला, दोन फोटो काढून घ्यायला, स्कॅन केलेला दाखला वर टाकायला. हजारो छोट्या फाइलींच्या फोल्डरला ती वाईट, कारण प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरला वेगळी हाक मारावी लागते. पाचशे मजकूर-फाइलींचं फोल्डर चढवायला त्याच आकाराच्या एका व्हिडिओपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. अशा वेळी झिप करून चढवलेलं बरं. आणि आणखी एक: ज्या फोल्डरला नेक्स्टक्लाउडचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (सर्व्हरलाही वाचता येऊ नये असं कुलूप) लावलंय ते खिडकीतून वाचता येत नाही. त्याला अधिकृत ॲपच लागतं.

प्रत: सिंक करणारं ॲप

आता बहिणीनं केलं ते, पण शहाणपणानं.

डेबियन, उबंटू आणि मिंटवर पॅकेजचं नाव ‘नेक्स्टक्लाउड-डेस्कटॉप’, फेडोरा आणि आर्चवर ‘नेक्स्टक्लाउड-क्लायंट’. सॉफ्टवेअरच्या दुकानात शोधलंत तरी सापडेल. डिस्ट्रोमधली (उबंटू, फेडोरा अशी लिनक्सची रूपं म्हणजे डिस्ट्रो) आवृत्ती थोडी जुनी असते. सर्व्हर नवाकोरा असेल आणि ॲप कुरकुर करत असेल तर फ्लॅटहब या ॲपच्या दुकानातून फ्लॅटपॅक (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज) घ्या, किंवा नेक्स्टक्लाउडच्या साइटवरची ॲपइमेज (इन्स्टॉल न करता थेट चालणारी एकच फाइल). ॲपइमेज उतरवल्यावर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन चालवायची परवानगी द्यावी लागते. नव्या उबंटूवर तरीही ती उघडत नसेल तर बहुधा लिबफ्यूज-२ हे पॅकेज नसतं, ते टाका. मी स्वतः डिस्ट्रोचंच पॅकेज वापरतो. जुनं असलं तरी बाकीच्या सिस्टिमसोबत अपडेट होतं आणि माझ्या डोक्याला ताप राहत नाही.

ॲप उघडलं की लॉगिन दाबा, सर्व्हरचा पत्ता द्या. इथे वेबडॅव्हचा लांबलचक पत्ता नको, फक्त साइटचा. मग ब्राउझर उघडेल, तिथे नेहमीसारखं लॉगिन करून परवानगी द्या. इथे ॲप पासवर्ड वेगळा बनवावा लागत नाही, ॲप आपला आपण घेतं. परत ॲपकडे आलात की पुढचा पडदा येतो, आणि इथे थांबायचं.

या पडद्यावर दोन पर्याय असतात: सर्व्हरवरचं सगळं सिंक करा, किंवा काय सिंक करायचं ते निवडा. पहिला आधीच निवडलेला असतो. त्याच्यासोबत ‘५०० एमबीपेक्षा मोठ्या फोल्डरसाठी आधी विचारा’ अशीही एक खूण असते. बहिणीला ॲपनं विचारलं होतं, तिनं ‘हो’ म्हटलं होतं. तुम्ही दुसरा पर्याय घ्या, सगळ्या खुणा काढा आणि खरोखर रोज लागणारी फोल्डरं तेवढी निवडा. बहिणीच्या बाबतीत ती निघाली दोन: ‘कॉलेज’ आणि ‘कागदपत्रं’. मिळून ३ जीबीही नाही.

त्याच पडद्यावर फाइली कुठे उतरवायच्या ते विचारतात. नेहमीचं ठिकाण म्हणजे होम फोल्डरमधलं ‘नेक्स्टक्लाउड’. ते राहू द्या. काही जण हुशारीनं आख्खं होम फोल्डरच सिंकला लावतात. ब्राउझरच्या हजारो तात्पुरत्या फाइली दर मिनिटाला बदलत असतात आणि घरचा बिचारा लॅपटॉप धापा टाकायला लागतो. करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एखादं फोल्डर नंतर लॅपटॉपवरून काढायचं असेल तर दोन रस्ते दिसतात आणि दोन्हीनं लॅपटॉपवर जागा सारखीच मोकळी होते. सर्व्हरवर मात्र उलटसुलट घडतं. ॲपच्या सेटिंग्जमध्ये फोल्डरांची यादी असते. तिथली खूण काढून ‘अप्लाय’ दाबलंत तर फक्त तुमची प्रत जाते, सर्व्हरवर सगळं जागच्या जागी. पण फाइल मॅनेजरमध्ये जाऊन फोल्डर डिलीट केलंत तर ॲपला वाटतं, मालकाला हे नकोच आहे. ते सर्व्हरवरूनही काढतं आणि मग सिंक करणाऱ्या घरातल्या प्रत्येक यंत्रावरून. काकूंचा फोन आला तो असा.

फोटो परत आणले ते वेबपानावरच्या ‘डिलीटेड फाइल्स’ मधून. डावीकडच्या पट्टीत खाली असतं. नेक्स्टक्लाउड खोडलेल्या गोष्टी मुळात ३० दिवस ठेवतं, पण तुमच्या वाट्याची जागा भरत आली असेल तर जुन्या गोष्टी त्याआधीही जाऊ शकतात. म्हणून कळल्या दिवशीच काढा. आणि घराघरातल्या बॅकअपवाल्यांसाठी सांगतो, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. चुकूनही खोडलं तरी सिंक ती चूक इमानदारीनं सगळीकडे पोचवतं.

एकच फाइल दोन यंत्रांवर एकाच वेळी बदलली तर ॲप कुणाचंच काम फेकून देत नाही. सर्व्हरवरची फाइल मूळ नावानं राहते आणि तुमची ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असे शब्द आणि तारीख नावात घेऊन शेजारी बसते. दोन्ही उघडून हवं ते एकत्र करायचं आणि जास्तीची खोडायची. सोसायटीच्या हिशोबाच्या शीटवर आमच्याकडे हे दर मार्चमध्ये होतं.

बाकी दोन बारीक गोष्टी. आय-थ्री वगैरे हलका डेस्कटॉप वापरत असाल आणि ॲप प्रत्येक सुरुवातीला पुन्हा लॉगिन मागत असेल तर पासवर्ड जपणारं किरिंग चालू नाही. नोम-किरिंग किंवा केवॉलेट टाका. आणि विंडोजवर जशा ‘दिसतात पण उतरलेल्या नसतात’ अशा व्हर्च्युअल फाइली असतात, तशा लिनक्सवर प्रायोगिक अवस्थेत आहेत. नवख्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. त्यापेक्षा थोडी फोल्डरं प्रतीत आणि बाकी सगळं खिडकीतून, ही जोडी सरळ.

टर्मिनलवाल्यांची खिडकी: आरक्लोन

फाइल मॅनेजरची खिडकी त्या फाइल मॅनेजरपुरतीच खरी. दुसऱ्या प्रोग्रामला ती द्यायची तर रन/यूझर/१००० च्या खाली जीव्हीएफएस नावाच्या फोल्डरात डोकवावं लागतं, आणि तिथली नावं बघूनच माणूस परत फिरतो. सर्व्हर एखाद्या साध्या फोल्डरसारखा हवा असेल तर आरक्लोन हा टर्मिनलमधून चालणारा प्रोग्राम घ्या. सगळ्या मोठ्या डिस्ट्रोंमध्ये त्याच नावानं आहे.

‘आरक्लोन कॉन्फिग’ लिहून एंटर दाबा. तो प्रश्न विचारत जातो. नव्या जोडणीसाठी एन. नाव रोमनमध्ये ‘घर’ द्या. प्रकार वेबडॅव्ह. पत्ता म्हणून मघाचा वेबडॅव्हचा पूर्ण पत्ता, इथे एचटीटीपीएस तसंच ठेवायचं. विक्रेता कोण विचारेल तेव्हा नेक्स्टक्लाउड. मग वापरकर्तानाव, मग पासवर्डसाठी वाय दाबून ॲप पासवर्ड दोनदा. बेअरर टोकन रिकामं सोडा, पुढच्या प्रगत सेटिंग्जना नाही म्हणा, शेवटी वाय आणि मग क्यू.

चाचणी घ्यायला ‘आरक्लोन एलएसडी घर:’ असं लिहा, शेवटी कोलन हवाच. सर्व्हरवरच्या फोल्डरांची नावं आली तर जोडणी झाली. आता होम फोल्डरमध्ये एक रिकामं फोल्डर बनवा आणि ‘आरक्लोन माउंट घर:’ यापुढे त्या फोल्डरचा मार्ग लिहून शेवटी ‘--व्हीएफएस-कॅशे-मोड राइट्स’ जोडा. ही शेवटची शेपटी महत्त्वाची. ती नसेल तर बघायला सगळं ठीक दिसतं, पण लिबरऑफिससारखे प्रोग्राम सेव्ह करताना रडतात. कारण एकाच वेळी वाचायचं आणि लिहायचं अशी फाइल उघडायला मध्ये तात्पुरती साठवण लागते. व्हिडिओ वगैरे पुन्हापुन्हा बघणार असाल तर राइट्सऐवजी फुल.

ही आज्ञा चालू असेपर्यंत टर्मिनल अडकून राहतं, तो बिघाड नव्हे. कंट्रोल-सी दाबलं की खिडकी बंद होते. मात्र नुकतंच काही सेव्ह केलं असेल तर ते वर जाईपर्यंत थोडं थांबा.

आरक्लोनच्या दोन आज्ञा दिसायला जुळ्या आहेत. ‘कॉपी’ फक्त भर घालते. ‘सिंक’ मात्र मुक्कामाची जागा उगमासारखी करते, म्हणजे तिथे जे जास्तीचं असेल ते खोडते. पहिल्या काही वेळा सिंकसोबत ‘--ड्राय-रन’ लावाच. मग ते काहीही न करता, काय काय करणार होतं ते नुसतं सांगतं. आणि हो, आरक्लोन पासवर्ड आपल्या फाइलीत नुसता अस्पष्ट करून ठेवतो, खरा कुलूपबंद नाही. त्यासाठी कॉन्फिगमध्येच वेगळा पासवर्ड लावायची सोय आहे. ॲप पासवर्ड घ्या म्हणून वर आग्रह धरला तो यासाठीही.

डॅव्हएफएस-२ नावाचा जुना मार्गही आहे. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठल्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या फाइलीत, एक ओळ लिहिली की सर्व्हर खऱ्या डिस्कसारखा जोडला जातो. मी तो दोन वर्षं वापरला आणि सोडला. नाशिकला वीज गेली की सर्व्हर बंद, आणि माझ्या कॉम्प्युटरवर ज्या ज्या प्रोग्रामनं त्या फोल्डरकडे नजर टाकली तो तिथेच गोठायचा. तुम्हाला वापरायचाच असेल तर त्या ओळीत ‘नोऑटो’ लिहा, म्हणजे सर्व्हर नसताना कॉम्प्युटर सुरू होताना अडत नाही, आणि पासवर्डच्या सीक्रेट्स फाइलची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, ठेवा. ती नसेल तर तो पुढेच जात नाही.

घराबाहेरून जोडताना

घरच्या वायफायवर सगळं चाललं आणि हॉस्टेलवर गेल्यावर काहीच नाही, याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे सीजीनॅट. इंटरनेट देणारी कंपनी शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरते. बाहेरून आलेल्या हाकेला तुमचं घर कुठलं ते कळतच नाही. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, कितीही उघडा, उपयोग नाही.

पैसे देऊन स्थिर पत्ता घेता येतो. आयपीव्ही-६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, दोन्हीकडे नीट असेल तर त्यानंही जमतं. नवख्यांना मी टेलस्केल सुचवतो: सर्व्हरवर आणि लॅपटॉपवर ते टाकायचं, दोन्हीकडे एकाच खात्यानं लॉगिन करायचं, की दोघं एकाच खासगी जाळ्यात येतात. ते आतून वायरगार्ड ही सुरक्षित जोडणीची पद्धत वापरतं, जी २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. गंमत म्हणजे टेलस्केलचे पत्तेही त्याच १००.६४ च्या पट्ट्यातले असतात. म्हणून सीजीनॅट तपासताना राउटरचं पान बघा, लॅपटॉपचा पत्ता नको.

नव्या पत्त्यावरून उघडल्यावर नेक्स्टक्लाउड म्हणेल की हे डोमेन माझ्या विश्वासातलं नाही. घाबरू नका, ही चांगली खूण आहे, कारण तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलात. सर्व्हर सांभाळणाऱ्याला सांगून कॉन्फिग फाइलमधल्या ‘ट्रस्टेड डोमेन्स’ या यादीत नवा पत्ता टाकून घ्या.

प्रमाणपत्र ओळखीचं नाही असा इशारा आला तर मात्र आपोआप ‘विश्वास ठेवा’ दाबू नका. सर्व्हरवर स्वतःच बनवलेलं प्रमाणपत्र आहे हे तुम्हाला आधीच माहीत असेल तरच पुढे जा. काल चालत होतं आणि आज इशारा आला तर बहुधा लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि नवं घेणारा प्रोग्राम बंद पडला. ते दुरुस्त करायचं काम सर्व्हरवरचं, तुमच्या लॅपटॉपवरचं नाही.

अडलं तर

पासवर्ड बरोबर आहे, लॉगिन होतंही, पण प्रत्येक पान वीस-पंचवीस सेकंदांनी उघडतंय? हा माझा आवडता बिघाड, कारण तो शोधायला मला दोन दिवस लागले. नेक्स्टक्लाउड चुकीच्या लॉगिनचे प्रयत्न आयपी पत्त्यानुसार मोजतं आणि जास्त झाले की त्या पत्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक लॉगिनला मुद्दाम उशीर लावतं, जास्तीत जास्त २५ सेकंद. मी एक जुना ॲप पासवर्ड रद्द केला होता आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचं आरक्लोन तोच घेऊन दार ठोठावत बसलं होतं. शिक्षा मात्र त्याच राउटरमागच्या सगळ्या घराला. आधी असा विसरलेला प्रोग्राम शोधून बंद करा. उशीर मग हळूहळू जातो, किंवा सर्व्हरवाला तो पत्ता हातानं मोकळा करू शकतो.

आता खास आपल्या लिपीची अडचण. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-४ डिस्कवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरी चिन्ह तीन बाइटचं. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळी वेगवेगळी मोजली जातात. ‘स्वातंत्र्य’ हा एक शब्द ११ चिन्हांचा, ३३ बाइटचा. आजोबांनी स्कॅन केलेल्या लेखांना अख्खी शीर्षकं नावं म्हणून दिली होती. सर्व्हरवर ती दिसायची, माझ्याकडे उतरताना ‘फाइल नेम टू लाँग’. मधूनच एकदोन फाइली सिंक होत नसतील तर आधी नावाची लांबी बघा.

घरात कुणाकडे विंडोज असेल तर नावात कोलन, प्रश्नचिन्ह, तारा ही चिन्हंही टाळा. ‘मीटिंग १२:३०’ हे नाव लिनक्सला चालतं, विंडोजवर ती फाइल उतरत नाही.

खूप मोठं फोल्डर सिंकला आहे आणि केलेला बदल वर जायला तास-दोन तास लागतायत, असं झालं तर लिनक्सची फाइलींवर नजर ठेवायची मर्यादा संपलेली असते. ही नजर ठेवणाऱ्या आयनोटिफायच्या ‘मॅक्स यूझर वॉचेस’ चा आकडा वाढवावा लागतो. नव्या कर्नलवर हे क्वचितच होतं.

लॅपटॉप विकताना किंवा दुरुस्तीला देताना ब्राउझरमधून पुन्हा त्याच ‘डिव्हायसेस अँड सेशन्स’ यादीत जा. त्या यंत्राच्या नावापुढच्या तीन ठिपक्यांत रद्द करायचा पर्याय आहे, आणि ‘वाइप डिव्हाइस’ असाही. दुसरा दाबलात तर सिंकचं ॲप पुढच्या वेळी सर्व्हरशी बोलेल तेव्हा लॅपटॉपवरची प्रत पुसून टाकेल, सर्व्हरवरच्या फाइलींना हात न लावता. आरक्लोनला आणि फाइल मॅनेजरला हे कळत नाही, त्यांचे ॲप पासवर्ड रद्द करा आणि आरक्लोनची साठवण हातानं पुसा. बहिणीनं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा त्या यादीत तिची नावं होती: ‘टेस्ट’, ‘टेस्ट २’ आणि ‘दादाने सांगितलेलं’.